ऊडा घालू की नको?

जोस, ११ जानेवारी १९८८

सासूबाई,

तुम्हाला नात झाली. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पत्र चर्चमधले मास्तर वाचून दाखवणार, आणि ते आधी घसा खाकरणार, मग चष्मा पुसणार, मग तारीख दोनदा वाचणार. निदान बातमी तरी त्यांच्या चष्म्यात अडकायला नको.

मुलगी गुरुवारी झाली. डोक्यावर जावळ भरपूर, हातपाय काटकुळे, आणि आवाज म्हणाल तर समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक हातोडा थांबवून बघतो एवढा. उलोमा बरी आहे. तिनं तुम्हाला मुद्दाम नमस्कार सांगितलाय.

आता मुद्द्याचं. तुम्ही कधी येताय? मी पाणी भरायला गेलो तरी आणि ब्रश धुवायला बसलो तरी आवारातली माणसं एकच विचारतात, ओमुग्वोला कोण येतंय? शेजारीण लादी तर उत्तरेकडची बाई, तिला आपल्या लोकांच्या रीती माहीत असायचं काही कारण नाही. पण काल तीही म्हणाली, "अनायो, तुमच्यात बाळंतिणीचं करायला तिची आई येते ना? मग ही पोरगी अशी एकटी का पडलीय?" मी सांगितलं, निघाल्यात, बस मिळाली की पोचतील.

मला आई नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. असती तरी तुमच्या आधी तिनं आमच्या घरात पाऊल टाकलं नसतं. पहिला मान तुमचा. मी इकडं उत्तरेत, कानोत वाढलो म्हणून गावची रीत अगदीच विसरलोय असं समजू नका.

एक छोटी अडचण आहे. उलोमा जेवत नाही. चहात पाव बुडवते, एक घास खाते आणि भिंतीकडे तोंड करते. तेव्हा तुम्ही येईपर्यंत ते बाळंतिणीचं तिखट सूप मीच करून बघतो म्हणतो. तेच ते, यामचा कंद आणि सुका मासा घातलेलं. त्यानं पोट साफ होतं, आतलं जुनं रक्त निघून जातं, थंडी उतरते, पान्हा फुटतो, असं लग्नात तुमच्याकडच्या बायका मला कोपऱ्यात घेऊन सांगत होत्या. तेव्हा मी लाजून हसलो होतो. आता त्यातलं काहीच आठवत नाही. कृती कळवा. मी लॉऱ्यांवर आणि दुकानांवर अक्षरं रंगवणारा माणूस, भात आणि अंडी यापलीकडे माझी मजल नाही, तेव्हा लहान मुलाला सांगितल्यासारखं सांगा.

पत्र ओन्येमा ड्रायव्हरच्या हाती देतोय. उत्तरही त्याच्याच बसनं पाठवा. पोस्टावर विसंबलो तर मुलगी चालत येऊन तुम्हाला भेटेल.

तुमचा जावई,
अनायो


जोस, २० जानेवारी

सासूबाई,

उत्तर मिळालं. पण मी दोनदा वाचलं, लादीला वाचून दाखवलं, आणि दोघांनाही काही उमगलं नाही.

मी विचारलं होतं, कधी येताय. त्यावर तुमच्या पत्रात एक अवाक्षर नाही. गुडघे दुखतात एवढंच. मास्तरांच्या हस्ताक्षरात नुसती कृती, तीही इतकी बारीक की पाणी केव्हा उकळलं म्हणायचं तेसुद्धा सांगितलंय. कोंबडी वेगळी शिजव, यामचे तुकडे मोठे ठेव, सुका मासा कोमट पाण्यात धू, उताझीची कडू पानं अगदी शेवटी चुरडून टाक, थोडीच. आणि सगळ्यात खाली, एक रेघ मारून: ऊडा घालू नकोस.

नातीबद्दल एक शब्द नाही. मला जरा लागलं ते. खोटं कशाला बोलू.

मी कृती खिशात घालून मोठ्या बाजारात गेलो. तिथं आपल्याकडची एक मावशी मसाले घेऊन बसते. तिनं विचारलं, "कुणासाठी रे?" म्हटलं, बाळंतिणीसाठी. तिनं लगेच त्या काळ्या वाळक्या शेंगांच्या टोपलीत हात घातला. म्हटलं, ऊडा नको.

"नको? कोण म्हणालं?"

"सासूबाई."

"सासू कुठली?"

"उमुआहियाजवळची."

ती एवढी हसली की तिच्या बाजूच्या दोघी काय झालं म्हणून वळल्या. म्हणाली, "ऐका गं, उमुआहियाची बाई बाळंतिणीला ऊडाशिवाय सूप पाजायला सांगते. अरे राजा, मग सूप कशाला करतोस, मासा धुतलेलं पाणीच दे तिला." मग तिला माझी दया आली असावी. समजावत म्हणाली, "हे बघ. बाई पोटुशी असताना ऊडाची शेंग तिच्या नाकाजवळसुद्धा न्यायची नाही. त्यानं पोट पिळवटतं, गर्भ टिकत नाही म्हणतात. पण मूल बाहेर आलं की मग तोच ऊडा हवा. आत जे राहिलं असेल ते तोच काढतो. तुझ्या सासूनं बरोबर सांगितलं असणार, लिहिणाऱ्यानं घोळ घातला."

मला ते पटलं. मास्तरांना मूल नाही, बाळंतपण नाही, त्यांना यातलं काय कळणार? मी ऊडा घेतला आणि शेंगा ठेचून टाकल्या. घरभर वास सुटला. मला तर वाटलं, सासूबाई माझ्या खांद्यावरून पातेल्यात डोकावतायत.

आणि मग, ऐका. जी बाई चार दिवस खाटेवरून हलली नव्हती ती उठली. केस मोकळे, पाय लटपटतायत, भिंतीला धरत धरत आली. मी म्हटलं, नुसत्या वासानंच गुण आला. तिनं फडक्यानं पातेलं धरलं, दारात गेली आणि सगळंच्या सगळं गटारात ओतलं. कोंबडीसकट. परत येऊन झोपली. मी विचारलं, अगं काय झालं? तर म्हणाली, "कुणी सांगितलं तुला हे करायला?"

मी म्हटलं, बाजारातल्या बाईनं. तुमचं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही कोण जाणे, पण जीभच उचलेना.

आता एक कबूल करतो. उलोमानं तुम्हाला नमस्कार सांगितला नव्हता. मी तुम्हाला लिहितोय हेच तिला माहीत नाही. बाळंतिणीच्या आईला पत्र लिहायचं तर मुलीचा नमस्कार हवाच, म्हणून मी घातला. पण तुम्हीही गुडघ्यांचं निमित्त केलंत, तेव्हा फिट्टंफाट समजू.

तुम्ही म्हणता ऊडा नको. बाजार म्हणतो ऊडा हवाच. बायको काही म्हणत नाही, ओतून देते. मी कुणाचं ऐकू?

अनायो


जोस, २८ जानेवारी

सासूबाई,

या वेळी ओन्येमा रिकाम्या हातानं आला. म्हणाला, "म्हातारीनं पत्र घेतलं, मास्तरांकडून वाचून घेतलं, आणि बाकावर बसून राहिली. मी गाडीचा हॉर्न वाजवला तरी उठली नाही." मी त्याला म्हटलं, माझ्या सासूला म्हातारी म्हणू नकोस. पण माझा जीव खालीवर झाला.

इथलं सांगतो. मुलीचा आवाज बसलाय. आधी मेकॅनिक हातोडा थांबवायचा, आता लादीला दाराला कान लावावा लागतो. दवाखान्यात नेली तर वजन वाढायच्या ऐवजी घटलंय. तिथल्या सिस्टर कानेंग यांनी उलोमाच्या पापण्या ओढून बघितल्या, म्हणाल्या, अंगात रक्त कमी आहे, पोटात अन्न नाही, दूध येणार कुठून? गोळ्या दिल्या, बाळाला वरचं दूध कसं द्यायचं ते दाखवलं. बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "गोळ्या घेईल ती. पण ही बाई नुसती आजारी नाहीये, कुठंतरी अडकलीय. घरात कुणी मोठं बाईमाणूस नाही का?"

मी काय सांगू? आहे, पण बसचा हॉर्न ऐकून उठत नाही?

लादी तिच्या पद्धतीनं करते आहे. चिंच घालून ज्वारीची पातळ पेज आणते आणि उलोमाच्या उशाशी बसून सांगते, आमच्याकडं चाळीस दिवस उकळत्या पाण्यानं शेकतात, त्याशिवाय बाई उभी राहत नाही. समोरच्या, पश्चिमेकडच्या योरुबा टेलरची बायको म्हणते, शेक नको, विश्रांती हवी. टेलर म्हणतो, दोघींचं ऐकू नकोस, चर्चला ने. प्रत्येक जण प्रेमानं सांगतो, आणि प्रत्येकाचं दुसऱ्याच्या उलट. माझं डोकं म्हणजे चार रंग एकात ओतल्यावर डबा होतो तसं झालंय.

म्हणून आता सरळ विचारतो. तुमच्यात आणि तिच्यात काय झालंय? तीन वर्षं ती गावी गेली नाही. दर नाताळाला काहीतरी निघायचं. कधी ताप, कधी कापड शिवून आलं नाही, कधी रस्ता खराब. मला वाटायचं, माझ्यामुळं. तुमच्या दिरांनी लग्नाच्या बोलणीत माझ्या नखांतला रंग बघून विचारलं होतं ना, "हा मुलगा हात धुतो की नाही?" सगळे हसले होते. मी धरून चाललो की तुम्हालाही जावई पसंत नव्हता, आणि बिचारी उलोमा मला वाईट वाटू नये म्हणून जात नाही. तीन वर्षं मी मनातल्या मनात तुमच्यावर रुसलो होतो. तुम्हाला पत्ता तरी असेल का?

रागावायचं तर माझ्यावर रागवा. पण एकदा येऊन त्या पोरीला भरवा. माझ्या हातचं ती खात नाही. मला भीती वाटतेय.

अनायो


जोस, २ फेब्रुवारी

सासूबाई,

आता मला कळलं.

काल दुपारी लादी पेज घेऊन आली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुझ्या आईनं पत्रात ऊडा नको लिहिलंय म्हणे, आणि हा वेडा घालून बसला." झालं. माझं बिंग फुटलं. लादी पेज ठेवून हळूच सटकली. उलोमा उठून बसली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती ओरडली नाही. म्हणाली, "आईनं लिहिलं, ऊडा नको?" मी खिशातून तुमचं पत्र काढून दिलं. शेवटची ओळ तिनं बोट ठेवून वाचली. मग सांगितलं.

मी ऐकलेलं लिहितो, चुकलं तर दुरुस्त करा. तीन वर्षांमागं, सासरे वारल्याच्या वर्षाच्या प्रार्थनेला ती गावी आली होती. वाटेत पावसात भिजली, अंगात कणकण होती. तुम्ही पाहुण्यांसाठी बोकडाचं तिखट सूप केलं होतं, ऊडा घालून, जसं थंडीवाऱ्यात करतात. तुम्ही स्वतः वाडगा भरून तिच्या हातात दिलात. "पिऊन टाक गरम, अंग मोकळं होईल." तिनं प्यायलं. ती पोटुशी आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पोट दिसायला लागल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, हे तुम्हीच तिला लहानपणी शिकवलेलं. मलाही तिनं सांगितलं नव्हतं. सूपात काय आहे ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

दोन दिवसांनी तिचं गेलं. कपडे तुम्हीच धुतलेत, परसात. तिनं दारातून विचारलं, "आई, तू काय घातलं होतंस त्यात?" तुम्ही म्हणालात, ऊडा. आणि तिथंच ओल्या जमिनीवर बसलात. ती म्हणाली, "तू मारलंस." ती दुसऱ्या दिवशी बसनं निघून आली. मला सांगितलं, टायफॉइड झाला होता.

मला ते दिवस आठवतात. ती इतकी सुकून आली होती की मी थट्टा केली, आईनं जेवू घातलं नाही वाटतं? ती तेव्हा न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी बाहेर शिट्टी वाजवत एका लॉरीच्या फळीवर पिवळा रंग देत होतो.

मी एकदा बाप होऊन गेलो होतो आणि मला पत्ताच नव्हता. आता मी रडू तर कुणासाठी रडू? ज्याचं नाव नाही, तोंड नाही, त्याच्यासाठी? काल संध्याकाळी ही मुलगी मांडीवर होती आणि मी त्या दुसऱ्याचा विचार करत होतो, मग मी हिचाच अपराधी आहे असं वाटायला लागलं. कुणावर रागवायचं तेही कळत नाही. तुमच्यावर रागवावं तर तुम्हाला माहीत नव्हतं. तिच्यावर रागवावं तर ती बघा कशी पडलीय.

एवढं मात्र कळलं की तुमचे गुडघे का दुखतात.

अनायो


जोस, ६ फेब्रुवारी

सासूबाई,

मी परत सिस्टर कानेंगकडं गेलो. एकटाच. सगळं सांगितलं. विचारलं, "एक वाडगा सूप पिऊन असं होतं का?"

त्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. मग म्हणाल्या, "पोटुशा बायकांना आम्हीही सांगतो, ऊडापासून लांब राहा. उगाच जोखीम कशाला. पण एका वाडग्यानं गेलं, असं मी म्हणणार नाही. कुणीच छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही. सुरुवातीचे दिवस फार नाजूक असतात. कितीतरी जणींचे असेच जातात, सूप न पिता, काहीच न करता. तिला ताप होता, प्रवास झाला होता. त्यातलंही काही कारण असेल असं नाही. कारण नसतंच पुष्कळदा."

माझ्या डोक्यावरून गोणी उतरली. आणि लगेच दुसरी चढली. मी विचारलं, "मग सूपानं पोट साफ होतं, पान्हा फुटतो, तेही खोटंच?"

त्या हसल्या. "तू मला नर्स म्हणून विचारतोस की बाई म्हणून?"

"दोन्ही."

"नर्स म्हणून सांगते, त्यात मासा आहे, कोंबडी आहे, याम आहे, भरपूर पाणी आहे. रक्त गेलेल्या बाईला हे सगळं हवंच. गरम तिखटानं घाम येतो, भूक लागते. ऊडानं काय साफ होतं ते मी पाहिलेलं नाही. बाई म्हणून विचारशील तर माझ्या पहिल्या वेळी शेजारच्या, तुमच्यातल्याच एका इग्बो बाईनं मला ते रोज पाजलं, आणि वाडगा रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही. मला तिची आठवण अजून येते."

मी घरी धावत आलो. उलोमाला सांगितलं, अगं, सिस्टर म्हणतात सूपानं काही झालं नाही, ऊडात तेवढी ताकद नसते. मला वाटलं ती मोकळी होईल. तर ती माझ्यावर अशी उसळली की मुलगी दचकली.

"ताकद नसते? कुणाला सांगतोस? गावात आई नसलेल्या जेवढ्या पोरी बाळंत झाल्या त्यांना माझ्या आईनं उठवून उभं केलंय. लोक कंदील घेऊन बोलवायला यायचे तिला. त्या काय पाणी पिऊन उठल्या?"

"अगं, पण मग तू म्हणतेस..."

"मी काय म्हणते ते मला माहीत आहे."

मला माहीत नाही, सासूबाई. तुमच्याविरुद्ध बोललेलं तिला सहन होत नाही आणि तुम्हाला बोलवते असंही नाही. मी आता अशा ठिकाणी उभा आहे की डावीकडं गेलो तरी कुणीतरी चिरडतं आणि उजवीकडं गेलो तरी. सूपात ताकद आहे म्हटलं तर ते मूल तुमच्या हातून गेलं. नाही म्हटलं तर तुम्ही आयुष्यभर लोकांच्या चुलीपुढं बसून केलंत ते सगळं वाफेसारखं गेलं. तुम्हीच सांगा, मी यातलं काय बोलू? तुम्हाला यातलं काय कमी दुखेल?

आणि तुम्ही तरी काय मानता? तीन वर्षांत कुणाला तरी ते सूप करून घातलंत का? ओन्येमा म्हणतो, आता तुम्ही कुणाच्याच बाळंतपणाला जात नाही. लोक बोलवायला येतात आणि तुम्ही दाराआडून सांगता, अंगात बळ नाही. हे मी उलोमाला सांगितलं. तिनं रात्रीच्या पावाला हातही लावला नाही.

मुलगी वरच्या दुधावर तग धरून आहे. तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. मी विचारलं की उलोमा म्हणते, थांब.

अनायो


जोस, १५ फेब्रुवारी

सासूबाई,

तुमचा सूपाचा थर्मास पोचला. ओन्येमानं तो मांडीवर घेऊन गाडी चालवली म्हणे, आणि वाटेत प्रत्येक पोलिसाला सांगावं लागलं की ही दारू नाही, एका बाळंतिणीचं जेवण आहे. एका पोलिसानं झाकण उघडून वास घेतला आणि गाडी सोडली. तुम्ही पहाटे अंधारात बसथांब्यावर चालत आलात, पत्र दिलं नाहीत, निरोपही दिला नाहीत, असं तो म्हणाला. नुसतं म्हणालात, "आडवा पडू देऊ नकोस."

मी सूप पातेल्यात ओतून गरम केलं. उलोमा बघत होती. थर्मासला गुंडाळलेलं कापड तिनं ओळखलं, तुम्ही कमरेला नेसता त्या जुन्या निळ्या लुंगीचा तुकडा. मी वाडगा तिच्यापुढं ठेवला आणि दाराजवळ जाऊन उभा राहिलो, म्हणजे गटाराकडं जायची वाट अडवून.

तिनं एक घोट घेतला आणि थांबली. दुसरा घेतला, तोंडात धरून ठेवला. मग चमच्यानं तळ ढवळला, काहीतरी शोधत असल्यासारखा. मला म्हणाली, "यात ऊडा नाही."

मला बरंच वाटलं. म्हटलं, "बघ, आईला तुझी काळजी आहे. तुला वास नको म्हणून मुद्दाम घातला नाही त्यांनी."

ती माझ्याकडं असं बघायला लागली की मी काहीतरी भयंकर बोललो असावं. म्हणाली, "अनायो, मूल बाहेर आलंय. आता कसली भीती? आता तर घालायचाच असतो. हे तिला माहीत नाही? तिला?" मग तिचा आवाज फुटला. "ती मला घाबरते. माझी आई मला सूप पाठवताना घाबरली."

आणि ती रडली, सासूबाई. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि काल मला कळेना की तिला थांबवू की रडू देऊ, वाडगा काढून घेऊ की तसाच ठेवू. मुलगीही रडायला लागली. लादी दारात आली, आत बघितलं, आणि मलाच हाताला धरून बाहेर काढलं.

मी परत आत गेलो तेव्हा वाडगा रिकामा होता. तिच्या नाकावर घाम होता. मुलगी छातीशी होती आणि चोखत होती. दूध आलं का ते मी विचारलं नाही. आलं असेल तर माशानं आलं की तुमच्या हातानं की रडण्यानं, ते मला सांगता येणार नाही, आणि सिस्टर कानेंगलाही विचारायला जाणार नाही. मला अजून काहीच नीट कळलेलं नाही. पण आज सकाळी तिनं उरलेलं सूप स्वतःहून गरम करून मागितलं.

पुढचं ती लिहिणार म्हणते. मी तिला म्हटलं, मी लिहितो, तू सांग. ती म्हणाली, तुझ्या अक्षरात लॉरीवरची पाटी वाटेल. पेन तिला देतो.

अनायो

आई,

मासा चांगला होता. याम जरा जास्त शिजलाय.

ऊडा नव्हता. असलं सूप तू आजपर्यंत कुणाच्या बाळंतिणीला दिलंयस का? लोकांच्या पोरींना धड करून घातलंस, मग मलाच असं का?

मी तेव्हा परसात जे बोलले ते बोलले. मला अजून कळत नाही कशानं झालं. तुलाही कळत नसेल. पण त्यासाठी मला अळणी सूप पाठवू नकोस.

ओन्येमाच्या बसनं ये. मागच्या सीटवर बसू नकोस, गुडघे दुखतील. शेंगा गावाहून घेऊन ये आणि माझ्यासमोर ठेच, माझ्यासमोर घाल. मी पिते.

उलोमा